पट्टा बांधलेली उशी

३ मार्च, सोमवार

कचेरीच्या नोंदवहीत ‘शेरा’ नावाचा रकाना आहे. त्यात चाळीस अक्षरं बसतात. एकेचाळिसावं टाइप केलं की संगणक टुंग करतो. माझं बोलणं चाळीस अक्षरांत कधी आटोपलंय? म्हणून ही वही विकत आणली. ही टुंग करत नाही.

आजपासून जलद लेन सुरू झाली. एकोणीस वर्षं मी टोलच्या बूथमध्ये बसले. आता बूथच पाडले आणि आम्हाला कंट्रोल रूममध्ये आणून बसवलं. हमरस्त्याची एक लेन पिवळे प्लॅस्टिकचे खांब लावून वेगळी काढली आहे. गाडीत तीन माणसं असतील तर त्या लेनमधून फुकट जा. एकटे-दुकटे असाल तर पैसे भरून जा. दोन्ही नको असेल तर बाकीच्यांबरोबर गोगलगायीसारखे सरका. प्रत्येक गाडीच्या काचेला एक छोटी पेटी असते आणि तिच्यावर बटण: एक, दोन, तीन. आत माणसं किती, ते चालकाने स्वतःच लावायचं. म्हणजे सगळा कारभार सचोटीवर, आणि सचोटीवर लक्ष ठेवायला मी.

वरचा कॅमेरा फोटो काढतो, संगणक डोकी मोजतो. बटण तीन म्हणतं आणि डोकी कमी भरतात, असे संशयाचे फोटो तेवढे माझ्याकडे येतात. नंबरप्लेट झाकलेली, चेहरे पुसट, गाडीला फक्त एक आकडा. हे झाकायचं मीच सुचवलं. बूथवर असताना पाहिलंय ना, कुणाचा मेहुणा आला की दांडा कसा आपोआप वर जायचा! गाडी कुणाची ते कळलंच नाही तर डोळेझाक करणार कुणासाठी?

मोठ्या बाई म्हणजे आमच्या साहेब. पण ‘साहेब’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्या म्हणाल्या, सहा महिने चाचणी. लबाडी शंभरात पाचाच्या खाली आली नाही तर तिघांना फुकट हा प्रकार बंद, आणि आपला विभागही बंद. अकरा माणसं आहेत विभागात. बारावी मी. या वयात तिसरं काम शिकायची माझी हौस फिटली आहे, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बसायचं ठरवलं.

५ मार्च, बुधवार

माझा दुसरा नियमही मंजूर झाला. पहिल्या दोन वेळा चालकाला दंडाची चिठ्ठी. तिसऱ्या वेळी सुनावणी, आणि पेटी एक वर्ष बंद. वर्षभर त्या गाडीला जलद लेन नाही, पैसे भरूनसुद्धा नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, “फार कडक नाही ना होत?” मी म्हटलं, “बाई, सूट दिली की दुसऱ्या दिवशी रांग लागते.”

दुसरी बातमी. कर्मचाऱ्यांनीही तिघा-तिघांनी मिळून यावं, असा फलक लागला होता. मी नाव आणि पत्ता लिहून चहा आणायला गेले. परत येते तर माझ्या खाली खांबवाल्यांचं नाव! जलद लेनचे पिवळे खांब उभे करायचं काम त्यांचं. रोज कुणीतरी आडवे करतो, रोज हे उभे करतात. पत्त्याच्या जागी त्यांनी नुसतं ‘वाटेवरच’ असं लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, “तुमच्या पलीकडच्या कॉलनीत. तुमच्यावरूनच तर जातो.” बघा, एकोणीस वर्षांची ओळख आणि मला पत्ता नाही.

तिसरं माणूस आई. ती निवृत्त नर्स. आमच्या कचेरीसमोरच्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर रोज हौसेने बसते आणि डॉक्टरांनाही चौकशीला लावते. उद्यापासून दोन बस बदलायची कटकट गेली. परतताना मात्र आम्ही दोघी बसनेच येऊ, कारण खांबवाल्यांची पाळी उशिरा संपते.

७ मार्च, शुक्रवार

खांबवाल्यांची गाडी बरी आहे. गुडघ्यांमुळे आई पुढे बसते, मी मागे. आईने पहिल्या दिवशी पाठ दुखते म्हटलं, तर आज तिच्या सीटवर जाड निळी उशी हजर! वळणावर पडू नये म्हणून तिला पट्टाही बांधलेला. आई बसली की पट्टा सोडायचा, उशी पाठीला सरकवायची. माणूस व्यवस्थित आहे.

आईने मात्र पोलिसी तपास आरंभला. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, हे दोन सिग्नलांत काढून घेतलं. मग विचारलं, “तुमच्या कॉलनीत औषधाचं दुकान कुठंशी आहे हो?” ते म्हणाले, “आहे एक… पलीकडे.” “कशाच्या पलीकडे?” “म्हणजे, अलीकडेच.” बिचारे गोंधळले. मी आईला मागून बोटाने ढोसलं.

बूथवर असताना माझ्या दांड्याला तेल घालायला हेच यायचे. दर सोमवारी. बाकीच्या बूथचे दांडे वर्षभर कुरकुरत असायचे, त्यांच्याकडे जायचं यांच्या लक्षात राहत नसे. कामाला चांगले, पण विसराळू.

१४ मार्च, शुक्रवार

आज एक महाभाग सापडला! गाडी ४४१७. वेळ सकाळी पावणेसात, दिशा शहराबाहेरची. पुलाच्या कामामुळे हल्ली त्या बाजूलाही कोंडी असते. बटण तीनवर. आत चालक एकटा. आणि शेजारच्या सीटवर काय असावं? उशी! पट्टा बांधलेली! उशीला माणूस म्हणून बसवतो, शहाणा. फोटो काळापांढरा असला म्हणून काय झालं, मला उशी आणि माणूस यांतला फरक कळत नाही होय?

पहिली नोंद. दंडाची चिठ्ठी रवाना. मी त्याचं नाव ‘उशीवाला’ ठेवलं आहे.

२७ मार्च, गुरुवार

उशीवाला पुन्हा! तीच वेळ, तीच दिशा, तीच उशी. दुसरी नोंद. दंड मुकाट्याने भरतो आणि पुन्हा तेच करतो. कोडग्यापुढे कुणी काय करावं? एकदाच, फक्त एकदाच अजून सापडू दे.

२८ मार्च, शुक्रवार

गाडीत विषय काढला. नाव-नंबर मला ठाऊकच नाही, म्हणजे गुपित फुटायचा प्रश्न नाही. म्हटलं, “एका माणसाने कमाल केलीय. शेजारी उशी बसवून तिला चक्क पट्टा बांधतो!”

आईला असा ठसका लागला की खांबवाल्यांना गाडीचा वेग कमी करावा लागला. पाणी प्यायली, डोळे पुसले आणि म्हणाली, “मग? सापडला का तो?”

“कुठला सापडतोय! पण तिसऱ्यांदा आला की पेटी बंद. वर्षभर बसेल गोगलगायींत.”

“कुणाला तरी आणायला जात असेल गं.”

“रोज? इतक्या लांब? आणि कुणाला एवढं पडलंय?”

खांबवाले समोर बघून गाडी चालवत होते. कान लाल झाले होते. उन्हाची तिरीप येते त्या बाजूने. आई उतरताना म्हणाली, “काखेत कळसा आणि गावाला वळसा.” मी विचारलं, “कुणाचं म्हणतेस?” तर म्हणाली, “असंच. जुनी म्हण आठवली.” वय झालं की माणूस मध्येच काहीही बोलतं.

३१ मार्च, सोमवार

आज आईच्या सीटवर उशी नव्हती. “धुवायला टाकलीय,” खांबवाले म्हणाले.

८ एप्रिल, मंगळवार

उशी अजून वाळली नाही. अशी कसली उशी? काल आई दिवसभर पाठ धरून बसली होती. शेवटी आज तिनेच बजावलं, “अहो, उशी आणा. उशीचा काय दोष?” ते “उद्या आणतो, मावशी” म्हणाले.

इकडे उशीवालाही बारा दिवस गायब. माझा धाक हवेतूनसुद्धा पोचतो की काय!

२ मे, शुक्रवार

लबाडी शंभरात साडेसहावर आली. मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं. मला फार बरं वाटलं आणि ते लपवायला मी उगाच खिडकी बंद केली.

खरं सांगायचं तर आता फोटो बघायला तेवढी मजा येत नाही. एकाने मागच्या सीटवर कुत्र्याला टोपी घालून बसवलं, त्यावर सगळे हसले. मलाच उशीवाल्याविना चुकल्याचुकल्यासारखं होतं. वाईट माणसाचीही सवय लागते.

३० मे, शुक्रवार

आई गाडीत स्वेटर विणते. करड्या रंगाचा, पुरुषी. मी म्हटलं, “भाऊला एवढ्या लांब बाह्या होणार नाहीत.” ती म्हणाली, “भाऊसाठी आहे असं कोण म्हणालं?” “मग कुणासाठी?” “बघू, कुणाला होतो ते.” म्हातारपणी असं माप न घेता विणू नये. लोकर वाया जाते.

आज खांबवाले सांगत होते, काल अठ्ठावीस खांब पडले. मी म्हटलं, “कंटाळा नाही येत? रोज तेच उभं करायचं?” ते म्हणाले, “नाही. उभं केलं की बरं दिसतं.” एवढंच. पण दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिलं. का कोण जाणे.

१२ जून, गुरुवार

आज माझी पाचावर धारण बसली. पहाटे आई उठली ती भिंत धरूनच. “घर फिरतंय,” म्हणाली. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणे, “बोलावलीस तर मी चालत जाईन. मला माझ्याच दवाखान्यात ने.” पाच चाळीसला खांबवाल्यांना फोन लावला. मी पुरतं बोललेही नाही, “निघालो” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आणि आले किती वाजता? सहा वाजून चार मिनिटांनी! पलीकडच्या कॉलनीतून यायला चोवीस मिनिटं! मी फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलत होते. आले तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागलेली. म्हणजे आरामात आवरत बसले असावेत असंही नाही. मला काही कळेना, आणि विचारायला वेळही नव्हता.

कानातलं काहीतरी हललं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मान इकडे, मान तिकडे केली आणि घर फिरायचं थांबलं. दुपारी आई चौकशीच्या खिडकीवर बसायला निघाली, तिला धरून ठेवावं लागलं. खांबवाले संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर होते. आजचे खांब आडवेच राहिले. मी आभार मानले तर म्हणाले, “त्यात काय?” मग मला बाकावरच रडू आलं, आई बरी झाल्यावर. त्यांनी पाण्याची बाटली उघडून हातात दिली.

१७ जून, मंगळवार

उशीवाला सापडला!

मागच्या आठवड्यातले फोटो आज आले. ४४१७. दिशा शहराबाहेरची, वेळ पाच बावन्न. उशी जागच्या जागी, पट्टा बांधलेली. जुनं ओळखीचं कुणीतरी अचानक भेटावं तसा मला क्षणभर आनंदच झाला. मग बटण दाबलं. तिसरी नोंद. सुनावणी पुढच्या मंगळवारी. आता बघतेच कसा दिसतो हा माणूस.

परतताना बसमध्ये आईला सांगितलं, तर तिने स्वेटरचे टाके मोजायला घेतले.

२४ जून, मंगळवार

तीन वाजता मोठ्या बाई आणि मी सुनावणीच्या खोलीत बसलो. टेबल, तीन खुर्च्या, बंद पाकिटात गाडीचा नंबर आणि पत्ता. चालक समोर आल्यावरच पाकीट फोडायचं असतं. दार उघडलं आणि खांबवाले आत आले.

मी म्हटलं, “आत्ता नको हो, सुनावणी आहे. खांबांचं नंतर बघू.”

“मी सुनावणीलाच आलोय, मॅडम.”

“मग त्या माणसाला आधी आत पाठवा.”

“तो मीच आहे.”

मोठ्या बाईंनी पाकीट फोडून कागद माझ्यापुढे सरकवला. नंबर तर मी रोज फाटकाशी बघते तोच. पत्ता कंट्रोल रूमच्या मागच्या कॉलनीचा. इथून चालत बारा मिनिटं. माझं घर इथून चोवीस किलोमीटर. पावणेसात. शहराबाहेरची दिशा. निळी उशी. तीन महिने मी त्या उशीच्या मागे बसून उशीवाल्याला शिव्या घालत होते!

मी बाईंना सांगितलं, “मी यांच्याच गाडीतून येते. मला निर्णय देता येणार नाही.”

बाई म्हणाल्या, “सही मी करते. प्रश्न तुम्ही विचारा. नियम तुमचा आहे.”

मी छापील कागदावरचा पहिला प्रश्न वाचला. “माणूस एक असताना बटण तीनवर का होतं?”

ते हाताकडे बघत होते. हाताला पिवळा रंग लागला होता. “पहिल्या दोन वेळचं खरं सांगतो. घरून निघतानाच आपण तिघं आहोत असं वाटतं. बटण एकावर करायचं लक्षात ठेवावं लागतं. तुम्ही गाडीत बोललात तेव्हापासून ठेवत होतो. रोज एकावर करून पैसे भरून यायचो. त्या दिवशी पहाटे राहून गेलं.”

कोणता दिवस ते कुणीच विचारलं नाही.

बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. मग म्हणाल्या, “आजारी माणसाला आणायला गेले होते. तिसरी नोंद वगळता येईल. फक्त घरच्यांनी लिहून द्यावं लागेल.” घरचे म्हणजे मी. माझ्यापुढे पेन होतं.

मला लिहायचं होतं. हे इथे लिहायला लाज कसली? मला मनापासून लिहायचं होतं. पण तेवढ्यात तेच म्हणाले, “नको, बाई. एकावर करून गेलो असतो तरी तितक्याच वेळात पोचलो असतो. घाईने गाडी जलद जाते, खोट्या बटणाने नाही. आणि यांना सूट द्यायला लावू नका. आधीच्या बूथवर यांनी सख्ख्या भावाची गाडी थांबवली होती. मी तेव्हा दांड्याला तेल घालत होतो.”

नोंदवहीत शेरा लिहिला: ‘तिसरी नोंद. पेटी एक वर्ष बंद.’ टुंग झालं नाही. बाईंनी सही केली.

घरी येऊन आईपुढे उभी राहिले. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. ज्याला आपल्या कॉलनीतलं औषधाचं दुकान सांगता येत नाही, तो तिथे राहतो होय?”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुझी नजर किती तीक्ष्ण, ते तूच रोज सांगायचीस. म्हटलं, दिसेल कधीतरी.” आणि पुन्हा स्वेटर घेतला.

कळसा कुठला ते आज कळलं.

२५ जून, बुधवार

काल रात्री निरोप पाठवला होता, ‘उद्यापासून येऊ नका. साध्या लेनने दीड तास लागेल. आम्ही बसने येऊ.’ त्यांचं उत्तर आलं, ‘बरं.’ नुसतं बरं! मला झोप लागली नाही. इतका कसा कुणी ऐकणारा असावा?

सकाळी बससाठी सव्वासहाला खाली उतरलो तर फाटकाशी गाडी उभी. पेटी काढलेली, काचेवर तिच्या जागी चौकोनी डाग. मी म्हटलं, “बरं म्हणालात ना?”

“हो. म्हणून तासभर लवकर आलो.”

“तुम्ही कितीला निघालात?”

“ते मोजू नका.”

मी आईसाठी पुढचं दार उघडलं, तर ती केव्हाच मागे जाऊन पाय लांब करून बसली होती. “इथे बरं वाटतं गुडघ्यांना. तीन महिने उगाच पुढे बसले.” मग मी पुढे बसले. उशीचा पट्टा सोडला आणि उशी आईकडे मागे दिली.

साध्या लेनमध्ये गाडी चालते कमी, उभी जास्त. खांबांच्या पलीकडून जलद लेनच्या गाड्या सूं सूं जात होत्या. आईने तेवढ्यात मागून हात काढून करड्या स्वेटरची बाही त्यांच्या खांद्याला लावून पाहिली. “थांबलेल्या गाडीत माप नीट घेता येतं,” म्हणाली. बाही बोटभरसुद्धा लांब नव्हती. मी खिडकीतून बाहेर बघत हसले, मग आत बघून हसले. त्यांनी पडलेले खांब मोजायला सुरुवात केली होती. अकरापर्यंत मीही मोजले, मग आमचं दोघांचं मोजणं चुकलं.

मोठ्या बाईंनी आकडा सांगितला. लबाडी शंभरात पाचाच्या आत आली, सहा महिने पुरे व्हायच्या आधीच. विभाग राहणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हजेरीच्या वहीत मला आज पहिल्यांदाच उशीर लागला. शेऱ्यात लिहिलं, ‘चार मिनिटं उशीर. रस्त्यावर कोंडी.’ पण या वहीत खोटं कशाला? शेवटच्या वळणानंतर रस्ता मोकळाच होता. जरा हळू घ्या, असं मीच म्हणाले.